आम्हाला पहिलीत बसवू नका

गुन्ह्यातल्या कॉम्प्युटरची झडती घेणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायला फक्त पैसे लागतात. अडचण नंतर सुरू होते. सॉफ्टवेअरच्या मागोमाग शिक्षण येतं, आणि शिक्षण पहिलीपासून सुरू होतं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या गाइडन्स सॉफ्टवेअर या कंपनीनं १९९८ मध्ये ‘एनकेस’ बाजारात आणलं, युटा राज्यातल्या ॲक्सेसडेटानं ‘एफटीके’ आणलं, पुढे मोबाइल फोनच्या पोटात शिरणारी इस्रायलची सेलेब्राइट आली, कॅनडाची मॅग्नेट आली. प्रत्येकीनं सॉफ्टवेअरबरोबर स्वतःची शाळाही काढली. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, मग प्रगत वर्ग, मग प्रगतांनाही घाम फोडणारा वर्ग. प्रत्येकाची फी वेगळी आणि प्रमाणपत्रही वेगळं.

पहिला वर्ग साधारण तीन-चार दिवसांचा. पहिल्या सकाळी कॉफी, एकमेकांची ओळख आणि मग गोष्ट. शिकवणारा बहुधा पोलीस खात्यातून निवृत्त झालेला असतो, त्यामुळे गोष्टींना तोटा नसतो. पण त्यातली एक या धंद्यात सत्यनारायणाच्या कथेइतकी ठरलेली आहे. कॅन्सस राज्यातल्या विचिटा परिसरात १९७४ पासून दहा खून करून एक माणूस तीस वर्षं मोकळा फिरत होता. २००५ मध्ये त्यानं पोलिसांनाच विचारून घेतलं, की फ्लॉपीवरून मजकूर पाठवला तर माझा माग काढता येईल का, खरं सांगा. पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून ‘काही होणार नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. फेब्रुवारीत फ्लॉपी आली. तिच्यावरच्या एका पुसलेल्या वर्ड फाइलच्या पोटात एका ल्यूथरन चर्चचं नाव निघालं आणि फाइल शेवटची हाताळणाऱ्याचं नाव निघालं ‘डेनिस’. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर. काही दिवसांत तो अटकेत होता. तीस वर्षं पोलिसांना चकवणारा माणूस पोलिसांच्या शब्दावर विश्वास ठेवून पकडला गेला, हा भाग ऐकून नवख्यांच्या अंगावर काटा येतो. ज्यानं ही कथा आधी दोन वर्गांत ऐकलेली असते तो डोनटकडे वळतो.

कथेनंतर बिट येतो. आठ बिटांचा एक बाइट, पाचशे बारा बाइटांचा एक सेक्टर, काही सेक्टर मिळून एक क्लस्टर. क्लस्टरमध्ये फाइल संपल्यावर जी जागा उरते तिला स्लॅक म्हणतात आणि तिच्यात आधीच्या फाइलींचे अवशेष सापडतात. फाइल पुसली म्हणून ती जात नाही. फॅट पद्धतीच्या डिस्कवर तिच्या नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ‘ई५’ हा आकडा बसतो, बाकीची फाइल बऱ्याचदा आहे तिथेच असते. ज्याला हे नवीन आहे त्याच्यासाठी हा अर्धा तास सोन्याचा. पण ज्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं जप्त केलेल्या हार्ड डिस्क येऊन पडताहेत, त्याचं काय? तो आधी मोबाइल बघतो. मग सुस्कारे सोडतो. मग ‘काही शंका?’ असं विचारल्यावर हात वर करून अशी शंका विचारतो, की तिचं उत्तर फक्त त्याला ठाऊक असावं. दुसऱ्या दिवसापासून तो शेजारच्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून त्याला शिकवू लागतो, आणि वर्गात दोन शिक्षक होतात.

अशा माणसासाठी, आणि त्याहून अधिक त्याच्या शेजाऱ्यासाठी, काही कंपन्यांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी एक पळवाट ठेवली. तुम्हाला सगळं येतं ना? मग परीक्षा द्या. पास झालात तर पहिला वर्ग माफ, सरळ दुसऱ्यात बसा.

अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तिथल्या कॉलेज बोर्डाची ‘क्लेप’ नावाची परीक्षा १९६७ पासून हेच करते: वर्गात न बसता परीक्षा द्यायची, गुण पुरेसे पडले तर विषय झाला असं कॉलेज धरून चालतं. घरी वाचून शिकलात, सैन्यात शिकलात की आजीकडून शिकलात, याची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडे उलट कारभार. येतं की नाही हे नंतर बघू, आधी पंचाहत्तर टक्के हजेरी दाखवा. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे महाराष्ट्रात कॉम्प्युटरच्या पहिलीतून वयाच्या जोरावरही सुटता येतं. या मार्गानं सुटलेले लोक पुढे आयुष्यभर ‘जरा हे प्रिंट काढून दे रे’ एवढ्या एकाच आज्ञेवर संगणकयुग निभावतात, हा भाग वेगळा.

सूट देणाऱ्या परीक्षेची खबर कार्यालयात पोचली की एक विलक्षण उलथापालथ होते. ज्याला खरोखर सगळं येतं त्याला सूट नको असते. पहिल्या वर्गाला जायचं म्हणजे चार दिवस कार्यालयाचं तोंड बघायचं नाही, हॉटेलची खोली, रोजचा भत्ता, दुपारचं फुकट जेवण आणि शेवटी कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. अभ्यासक्रम आधीच येत असल्यामुळे डोक्याला तापही नाही. इतकी आदर्श सुट्टी कोणत्या सहल कंपनीला जमली आहे? सूट हवी असते ती साहेबाला, कारण फी, विमानभाडं आणि भत्ता एका फटक्यात वाचतो, आणि कपाटात साचलेल्या डिस्कही कुणीतरी उघडतो. त्यामुळे साहेब ‘तू हुशार आहेस, परीक्षा देऊन टाक’ असा आग्रह धरतो, आणि हुशार माणूस आपण किती कच्चे आहोत हे पटवण्यासाठी जिवाचं रान करतो.

ज्याला खऱ्या अर्थानं कच्चं म्हणता येईल तो मात्र सूट मिळावी म्हणून धडपडतो. त्याला पहिल्या वर्गात बसणं म्हणजे कमीपणा वाटतो. वर्गात हुद्दे चालत नाहीत. निरीक्षकाच्या शेजारी कालपरवा भरती झालेला शिपाई बसू शकतो, आणि दुपारपर्यंत शिपायाच्या स्क्रीनवर पुसलेले फोटो परत आलेले असतात, तर निरीक्षक अजून डोंगल शोधत असतो. डोंगल म्हणजे यूएसबीला लावायची इवलीशी किल्ली. ती नसेल तर एनकेस डिस्कची प्रत काढण्यापुरतं चालतं, पुढचा तपास करू देत नाही. हजारो डॉलरच्या सॉफ्टवेअरचा जीव त्या किल्लीत असतो आणि किल्ली बहुधा कुणाच्या तरी कालच्या पँटच्या खिशात असते.

आता परीक्षेकडे येऊ. ती किती गंभीर असू शकते याचा अंदाज एनकेसच्याच मोठ्या प्रमाणपत्रावरून येतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्न आणि वेळ दोन तास, म्हणजे प्रश्नाला चाळीस सेकंद. सूट देणाऱ्या परीक्षा त्यामानानं लहान असतात, पण घाट तोच: चार पर्याय, एक बरोबर. आणि इथेच गंमत होते. बहुपर्यायी प्रश्नात सहज काय विचारता येतं? अमुक गोष्ट कुठल्या मेनूत आहे. तमुक खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात काय दिसतं. हिरवा चौकोन दाबला की काय होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून माणसं तुरुंगात धाडणारा तज्ज्ञ इथे गार पडतो, कारण त्यानं हा हिरवा चौकोन जन्मात पाहिलेला नसतो. आणि ज्यानं आदल्या रात्री माहितीपुस्तिका पाठ केली तो पास होतो, कारण त्यानं चौकोनाशिवाय काही पाहिलेलंच नसतं.

बटणांवर उभारलेलं ज्ञान किती टिकतं हे २०११ मध्ये सगळ्यांना कळलं. त्या वर्षी एनकेसची सातवी आवृत्ती आली, आणि तिचा चेहरामोहरा इतका बदललेला होता, की सहावीत डोळे मिटून काम करणारे सातवीत गेल्यावर पुन्हा पहिलीत आले. पुष्कळ जाणकार त्यानंतरही बराच काळ सहावीलाच चिकटून होते. शाळेत याला नापास होणं म्हणतात. या धंद्यात त्याला अनुभव म्हणतात. २०१७ मध्ये ती कंपनीच ओपनटेक्स्टनं विकत घेतली. ॲक्सेसडेटाही पुढे एक्सटेरोच्या ताब्यात गेली. कंपन्या बदलल्या, मालक बदलले, बटणं तर किती वेळा बदलली याची गणती नाही. न बदललेल्या गोष्टी कुठल्या? नेमक्या त्याच, ज्या पहिल्या वर्गात पहिल्या दोन दिवसांत शिकवतात आणि ज्या ऐकताना अनुभवी मंडळी मोबाइल बघत असतात.

उदाहरणार्थ, वेळ. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलीच्या वेळा जागतिक वेळेत साठवल्या जातात. जुन्या फॅट पद्धतीत स्थानिक वेळ साठवली जाते. तपासणाऱ्यानं सॉफ्टवेअरला योग्य टाइम झोन सांगितला नाही, तर ते बापडं आपल्या समजुतीनं वेळ दाखवतं. भारताची घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी उघडलेली फाइल त्यामुळे अहवालात आदल्या दिवशी संध्याकाळी सहा चाळीसची दिसू शकते. आता समजा, त्या संध्याकाळी सहा चाळीसला आरोपी चुलतबहिणीच्या हळदीत दोनशे माणसांसमोर नाचत होता. सरकारी वकिलाला घाम फुटायला एवढं पुरे. बरं, हळदीचा व्हिडिओही कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतो, आणि त्याचीही वेळ तपासावी लागते.

किंवा शून्य तारीख घ्या. विंडोज वेळ मोजतं १ जानेवारी १६०१ पासून, म्हणजे हिंदुस्थानात अकबर राज्य करत होता तेव्हापासून. युनिक्सचं मोजमाप १ जानेवारी १९७० पासून. फाइलीत तारखेच्या जागी नुसतं शून्य असेल आणि सॉफ्टवेअरनं ते जसंच्या तसं वाचलं, तर भारतीय वेळेत ‘१ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच’ असं उमटतं. त्या पहाटे कुणीही काही केलेलं नसतं. तरी घाईत लिहिलेल्या अहवालात ‘आरोपीनं सदर फाइल १९७० साली तयार केली’ असं वाक्य येऊ शकतं, आणि आरोपीचा जन्म १९९२ चा निघतो.

हॅशचंही तसंच. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा. मजकुरात एक बिट जरी हलला तरी ठसा बदलतो, म्हणून जप्त केलेल्या डिस्कची प्रत तंतोतंत आहे हे त्यावरून दाखवता येतं. नवखा माणूस पहिल्यांदा हॅशवरून सारख्या फाइली शोधतो तेव्हा एकदम शेकडो जुळे निघतात आणि तो आनंदानं ओरडतो. जाणकार एमडी५ ठशाची सुरुवात बघतो: डी४१डी८सीडी९. हा रिकाम्या फाइलीचा ठसा. शून्य बाइटच्या शेकडो फाइली एकमेकींसारख्या आहेत, यात शोध कसला? हॅशवरचा परीक्षेतला लाडका प्रश्न मात्र वेगळा असतो: दोन वेगळ्या फाइलींचा एमडी५ योगायोगानं जुळण्याची शक्यता किती? उत्तर: दोनाच्या एकशे अठ्ठाविसाव्या घातात एक. उत्तर बरोबरच आहे. फक्त २००४ मध्ये शाओयून वांग या चिनी गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की योगायोगाची वाट न बघता मुद्दाम तसे जुळे तयार करता येतात. पहिला भाग पाठ असलेला परीक्षेत पास होतो. दुसरा भाग उलटतपासणीत विचारला जातो.

परीक्षा आणि उलटतपासणी या दोन जागांमधलं अंतर किती असतं हे बघायचं तर फ्लोरिडात जावं लागेल. ऑर्लँडोत २०११ मध्ये केसी अँथनी या तरुण आईवर आपल्या लहान मुलीच्या खुनाचा खटला चालला होता. देशभर टीव्हीवर तो दाखवत होते. घरच्या कॉम्प्युटरवरून क्लोरोफॉर्मची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला तब्बल ८४ वेळा भेट दिली गेली, असा पुरावा ज्युरीसमोर आला. आकडा जबरदस्त होता. एकदा कुतूहल म्हणून बघितलं असेल. चौऱ्याऐंशी वेळा कोण बघतो? हा आकडा ‘कॅशबॅक’ नावाच्या सॉफ्टवेअरनं काढला होता (खरेदीवर मिळतो तो कॅशबॅक नव्हे). पोलिसांकडे दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं आधी काढलेला अहवालही होता, आणि त्यात भेटींची संख्या होती एक. एका कागदावर एक, दुसऱ्यावर चौऱ्याऐंशी. हे दोन कागद शेजारी ठेवून ‘असं कसं?’ म्हणायला प्रगत वर्गाची गरज नाही. ते पहिलीतलं काम आहे: कुठल्याही साधनाचं उत्तर दुसऱ्या साधनानं पडताळून बघा.

शेवटी चूक सापडली ती खुद्द सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जॉन ब्रॅडली यांना. साक्ष देऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की पुसलेल्या इतिहासाची फाइल वाचताना त्यांच्या प्रोग्रामनं घोळ घातला होता. चौऱ्याऐंशीचा आकडा मायस्पेसच्या पानाचा होता, क्लोरोफॉर्मच्या वाट्याला एकच भेट होती. त्यांनी ते स्वतःहून कळवलं. केसी अँथनी खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटली, आणि ज्युरीनं या एका आकड्यावरून निकाल दिला असं कुणी म्हणू शकत नाही. पण ज्या माणसानं सॉफ्टवेअर लिहिलं, ज्याला प्रत्येक बटणामागची ओळ पाठ, त्यालाही खटला चालू असताना मागे जाऊन पहिलीतली उजळणी करावी लागली. बटणांच्या परीक्षेत त्याला कुणी नापास केलं असतं काय?

दुसरा प्रकार कनेक्टिकटमधल्या नॉर्विचचा, आणि तो इतका विनोदी नाही. ज्युली अमेरो या बदली शिक्षिकेच्या वर्गातल्या कॉम्प्युटरवर ऑक्टोबर २००४ मध्ये एकामागून एक अश्लील खिडक्या उघडत गेल्या. यंत्र जुनं, विंडोज ९८ वर चालणारं, व्हायरसविरोधी संरक्षणाची मुदत संपलेली. जानेवारी २००७ मध्ये ज्युरीनं बाईंना दोषी ठरवलं, आणि जास्तीत जास्त शिक्षा चाळीस वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. तपासात वापरलेलं सॉफ्टवेअर कुठली पानं उघडली ते दाखवत होतं. ती बाईंनी उघडली की यंत्रात शिरलेल्या खोडकर प्रोग्रामनं, हे ते सांगू शकत नव्हतं. तो प्रश्न माणसानं विचारायचा असतो. देशभरच्या जाणकारांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये न्यायाधीशांनी निकाल रद्द करून नव्यानं खटल्याचा आदेश दिला. २००८ च्या नोव्हेंबरात प्रकरण एका किरकोळ गुन्ह्याची कबुली आणि शंभर डॉलर दंडावर मिटलं, पण शिकवण्याचा परवाना गेला तो गेलाच.

यावरून सगळ्यांना सक्तीनं पहिलीत बसवावं असं कुणी म्हणेल. ते काही खरं नाही. पहिलीत बसूनही माणूस झोपू शकतो, आणि चार दिवसांच्या हजेरीचं प्रमाणपत्र झोपलेल्यालाही मिळतं. ज्याला येतं त्याला सोडलंच पाहिजे. साचलेल्या डिस्कचे ढीग बघता त्याला चार दिवस बिट आणि बाइट ऐकवणं हा अपव्यय आहे. भांडण आहे ते परीक्षेच्या प्रकाराशी. तिखटाचा डबा कुठल्या फडताळात आहे हे विचारून स्वयंपाक येतो की नाही ते ठरवू नये.

बरी परीक्षा कशी असते याचे नमुने फुकट पडले आहेत. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था, एनआयएसटी, सरावासाठी डिस्कच्या प्रती सगळ्या जगाला खुल्या ठेवते. त्यातली सर्वांत लाडकी आहे ‘मिस्टर ईव्हिल’ची. गोष्ट अशी रचलेली, की २० सप्टेंबर २००४ ला एक डेल लॅपटॉप बेवारस सापडला, सोबत वायरलेस कार्ड आणि घरी बनवलेला अँटेना. संशय ग्रेग शार्ट नावाच्या काल्पनिक इसमावर. त्याचं टोपणनाव मिस्टर ईव्हिल. हा लॅपटॉप त्याचाच, हे सिद्ध करा. पुढे तीसेक प्रश्न: प्रतीचा हॅश किती, विंडोज कधी बसवलं, टाइम झोन कुठला, यंत्र शेवटचं बंद कधी झालं, दुसऱ्यांचं वायरलेस ऐकण्याचे प्रोग्राम कुठले. कुठलं बटण दाबा याचा उल्लेखही नाही. वाटलं तर महागडं एनकेस वापरा, वाटलं तर ब्रायन कॅरियर यांनी सुरू केलेलं, कुणालाही फुकट मिळणारं ‘ऑटॉप्सी’ वापरा. उत्तर तेच यायला हवं. उकरता उकरता चॅट प्रोग्रामच्या जुळवणीत या भयंकर गुन्हेगारानं स्वतःचं नाव ‘मिनी मी’ लिहिलेलं सापडतं, आणि रात्री एक वाजता एकटा बसलेला तपासनीस मोठ्यानं हसतो.

दुसरा नमुना एम५७ नावाच्या काल्पनिक कंपनीचा, सिमसन गारफिंकेल आणि मंडळींनी शिक्षणासाठी तयार केलेला. कंपनीतल्या प्रमुख कर्मचाऱ्यांचे पगार असलेली एक्सेल शीट प्रतिस्पर्ध्याच्या संकेतस्थळावर झळकली. शीट निघाली अर्थप्रमुख जीनच्या लॅपटॉपवरून. जीन म्हणते, अध्यक्षीण ॲलिसननं मागितली म्हणून पाठवली. ॲलिसन म्हणते, मी मागितली नाही आणि मला मिळाली नाही. घाईतला माणूस दहा मिनिटांत शीट शोधतो, जीनला दोषी ठरवतो आणि चहाला जातो. ज्यानं ईमेलवरचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, त्याचा चहा गार होतो. उत्तर इथे सांगणं बरं नव्हे.

अशी एक डिस्क द्यावी, दोन दिवस द्यावेत, कुठलंही सॉफ्टवेअर वापरू द्यावं आणि शेवटी चार पानांचा अहवाल लिहून घ्यावा. एनकेसच्या मोठ्या प्रमाणपत्राचा दुसरा टप्पा असाच असतो: एक प्रकरण हातात देतात, साठ दिवसांची मुदत देतात आणि लेखी उत्तरं मागतात. तपासायला वेळ लागतो, खर्च येतो, हे कबूल. बहुपर्यायी उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. अहवाल वाचायला शहाणा माणूस लागतो आणि तो पगार मागतो. कंपन्यांना चौकोन आणि मेनू आवडतात त्याचं कारण एवढंच.

आपल्याकडे हा प्रश्न आता दाराशी आला आहे. देशी साधनं आहेत: पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं ‘सायबरचेक’ आणि डिस्कची प्रत काढणारं ‘ट्रूबॅक’ बनवलं, त्यांचं प्रशिक्षणही पोलिसांना दिलं. पण न्यायालयातली झटापट बहुतेक वेळा साधनावर होत नाही, कागदावर होते. जालन्याचं प्रकरण आठवून बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला, असा आक्षेप होता. पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं. त्याला जोडायचं, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र मात्र पुनःपुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला दिल्लीपर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. ज्याला ते हातपाय मारूनही मिळालं नाही, त्याची अडवणूक होणार नाही, इतकाच काय तो दिलासा. एका अर्जाची वेळ तीनच्या आत की बाहेर, एवढ्याशा गोष्टीतून देशभरच्या डिजिटल पुराव्याचा नियम पक्का झाला.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद झाली, म्हणजे तज्ज्ञांची मागणी एकदम वाढली, आणि मागणी वाढली की पहिली टाळून दुसरीत बसणाऱ्यांची रांगही वाढते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्यानं भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश लिहायचा आणि तो एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ की आणखी कुठला, त्यावर खूण करायची. ‘ब’ भागात तज्ज्ञाचं नाव, हुद्दा आणि सही यांना जागा आहे. त्यानं पहिली केली की टाळली, हे लिहायला रकाना नाही. ते बचाव पक्षाचा वकील विचारतो.